नवा उठला नाही, तर जुन्याला उठवा

अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "तुम्ही कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय करायचात?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर चालू करायचे." बटण दाबायला पगार कोण देतं, असं त्यांच्या मनात आलं असणार. पण खरं सांगते, माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं बटण दाबल्यापासून मशीन कामाला लागेपर्यंतच्या एका मिनिटावर गेली. त्या मिनिटात माझी अब्रू दोनदा गेली आणि एकदा परत आली. तेवढंच लिहिते. बाकीच्या नोकरीत लिहिण्यासारखं फार नाही.

आधी धंदा समजावते. घरात सकाळी सगळ्यांच्या आधी एक बाई उठते. ती उठली की दूध तापतं, पाणी भरलं जातं, मग बाकीचे उठतात. कॉम्प्युटरमध्ये हे काम जो प्रोग्राम करतो, त्याला कर्नल म्हणतात. आधी तो उठतो, मग बाकीच्या सगळ्यांना उठवतो. पण त्याला कोण उठवतं? त्यासाठी लोडर नावाचा एक चिमुकला प्रोग्राम असतो, गजराच्या घड्याळासारखा. डिस्कवर अमुक जागी कर्नल झोपलाय, त्याला हलवायचं, एवढीच त्याची अक्कल. कर्नल जागा झाला की घड्याळाचं काम संपलं. आणि नाही झाला तर? तर काही नाही. घर झोपलेलंच राहतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं, माणसं चार. मालक सरनाईक साहेब स्वतः सोल्डरिंग करायचे. न्हावा शेव्याच्या अलीकडे एका कंटेनर यार्डात गेटवर सहा वजनकाटे होते. ट्रेलर काट्यावर चढला की वजन घ्यायचं, पावती छापायची, गेट उघडायचं, हे सगळं आमची मशीनं करायची. त्यांच्यावर जी ऑपरेटिंग सिस्टीम होती ती फुकट मिळायची. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ती लिहायची आणि ईमेलवर एकमेकांशी भांडायची. आमच्या ऑफिसचं पोट त्या सहा काट्यांवर चालायचं. हे काम गेलं असतं तर चौघंही घरी.

मशीन गेटच्या केबिनमध्ये लोखंडी पेटीत कुलूपबंद असे. कीबोर्ड नाही, पडदा नाही. आधी दिले होते, तर महिन्याभरात धुळीने आणि खाऱ्या हवेने कीबोर्डची बटणं दाबली की दाबलेलीच राहायला लागली. म्हणून काढून टाकले. नवा कर्नल आला की मी वाशीतून फोनच्या तारेवरून तो पाठवायचे आणि मशीन बंद करून चालू करायचे. किती छान सोय, नाही? आपल्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

एका सोमवारी मी सहाही मशीनांवर एकदम नवा कर्नल पाठवला. ऑफिसातल्या मशीनवर तपासला होता, मस्त चालला होता. पण ऑफिसातली डिस्क एका जातीची आणि गेटवरच्या डिस्का दुसऱ्या जातीच्या. त्या जातीची ओळख मी नव्या कर्नलमध्ये घालायलाच विसरले. बोंबला! सहाच्या सहा मशीनं बंद झाली ती उठलीच नाहीत.

सरनाईक साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर जुना मॉनिटर आणि काखेत कीबोर्ड घेऊन मी यार्डात पोचले, तेव्हा ट्रेलरची रांग पार रस्त्यावर गेली होती. ड्रायव्हरांनी स्टोव्ह पेटवून डाळ शिजत घातली होती. पहिल्या काट्यावर हिराजीदादा बसलेले. उरणकडचे, मिठागरात उमेदवारी केलेले, पन्नाशीचे गृहस्थ. सगळं यार्ड पेटलेलं असताना हा माणूस शांतपणे सुपारी कातरत होता.

"काय गो बाय, आलीस? ही तुजी मशीन सकालपासून मुकी हाय."

"माझंच चुकलं, दादा. नवीन प्रोग्राम टाकला, तो उठत नाहीये."

"आनी जुना?"

"जुना आहे की आतमध्ये. मी आता पडदा जोडून त्याला हाताने चालू करणार."

हिराजीदादांनी सुपारी तोंडात टाकली. "जुना आतमदीच हाय, त चालू व्हयाला तू कशाला पायजेस? नवा उठत नाय त जुन्याला उठव, येवढा त्या मशिनला कलत नाय?"

मी स्क्रू काढता काढता थांबले. मशीनला खरंच कळत नव्हतं. जगातल्या कुठल्याच अशा मशीनला कळत नव्हतं. शिकलेल्या माणसांनी ते त्याला सांगितलंच नव्हतं.

सहा काटे चालू करायला संध्याकाळ झाली. यार्डाचे मॅनेजर जहाजावरून निवृत्त झालेले. त्यांना सगळे कॅप्टनच म्हणत. त्यांनी मला आणि साहेबांना केबिनमध्ये उभं केलं. मी म्हटलं, "सर, यावर उपाय आहे. मी कर्नलमध्ये एक सोय घालते. पुन्हा असं होणार नाही."

"तुम्ही घालणार? म्हणजे फक्त तुमच्याकडेच असलेला कर्नल? उद्या तुम्ही लग्न करून दुबईला गेलात तर मी कोणाला विचारू?" मी तेहतीस वर्षांची, लग्नाला सात वर्षं झालेली. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. "हे बघा बाई, घरचं लोणचं घरी. माझ्या गेटवर जे जगात चालतं तेच चालणार. तुमची ही सोय त्या लोकांनी आपल्या कर्नलमध्ये घेतली, पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळाली, तर काटे ठेवतो. नाही घेतली तर सहाही उचलून न्या."

परत येऊन वाशीला स्कूटरवरून उतरल्यावर साहेब म्हणाले, "वंदना, घेतील ना गं?" मी म्हटलं, "घेतील म्हणजे काय, घ्यायलाच लावते."

सोय अशी होती. लोडरने नवा कर्नल उठवायच्या आधी एक खूण करून ठेवायची, 'नव्याला उठवतोय' म्हणून. नवा व्यवस्थित उठला, सगळे प्रोग्राम कामाला लागले, की त्याने ती खूण पुसायची. मशीन अडकलं तर आम्ही प्रत्येकात बसवलेलं टायमरचं कार्ड मिनिटाभराने रीसेट मारायचंच, म्हणजे मशीन आपोआप बंद-चालू करायचं. मशीन पुन्हा चालू होताना लोडरने बघायचं. खूण तशीच आहे? म्हणजे नवा उठला नाही. मग जुन्याला उठव. बस्स. लिहायला मला आठ दिवस लागले. घ्यायला लावायला आठ महिने.

बदल पाठवायचा म्हणजे पॅच पाठवायचा. पॅच म्हणजे ठिगळ. कुठली ओळ काढा, कुठली घाला, याची यादी. ती ईमेलने सगळ्यांच्या यादीवर पाठवायची, म्हणजे एकाच पत्त्यावर टाकायची की कर्नल लिहिणाऱ्या सगळ्यांना पोचते. मी शाळेत शिकवलेल्या अर्जाच्या नमुन्याप्रमाणे लिहिलं: आदरणीय महोदय, विनम्रपणे सादर करते की, कृपया विचार व्हावा, आपली आज्ञाधारक. खाली ठिगळ जोडलं. कोणी उत्तरच दिलं नाही. महिन्याने कळलं, आमच्या स्वस्तातल्या इंटरनेटच्या खात्यावर ईमेल जाताना ओळींच्या आधीच्या मोकळ्या जागा आकसायच्या. ठिगळ कुठे बसवायचं ते मशीन त्या जागांवरून ओळखतं. माझं ठिगळ कुठेच बसत नव्हतं, आणि आज्ञाधारक बाईला ते सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. मी ईमेलचा प्रोग्राम बदलला आणि पुन्हा पाठवलं.

या वेळी उत्तर आलं. त्या यादीवर युरोपातले एक गृहस्थ होते. मशीन चालू होण्याच्या भागात काहीही आलं की आधी तेच तपासायचे. ट्रॅफिक हवालदारासारखे शिट्टी मारून प्रत्येक गाडी बाजूला घ्यायचे म्हणून आमच्या ऑफिसात त्यांचं नाव पडलं मामा. पांढरी दाढी, सोनेरी काड्यांचा चष्मा, असे मामा मला डोळ्यांसमोर दिसायचे.

मामांनी दोन आक्षेप घेतले. एक, मी खूण ठेवत होते ती मशीनच्या आत वेळ सांभाळणारं जे खरंखुरं घड्याळ असतं, त्याच्या चिपमधल्या एका रिकाम्या जागेत. मशीन बंद झालं तरी तिथलं पुसलं जात नाही. मामा म्हणाले, ती जागा रिकामी असेल कशावरून? एखाद्या कंपनीच्या मशीनमध्ये ती वापरात असेल. दोन, मुळात ही सोय हवी कोणाला? कर्नल नाही उठला तर कीबोर्डवरचं एक बटण दाबून माणूस जुना निवडू शकतो.

दुसरा आक्षेप वाचून मला हसूच आलं. कीबोर्डवरचं बटण! न्हावा शेव्याला या म्हणावं, बटण दाबायला. आणि मग मी काय उत्तर लिहिलं असेल? आजही लिहिताना कान तापतात. मी लिहिलं, "होय सर, आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे. कृपया मार्गदर्शन करावं."

आता तुम्ही म्हणाल, असं का? अहो, आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात वरिष्ठ बोलले की आधी "हो सर" म्हणायचं असतं. मग बाहेर येऊन आपल्याला हवं ते करायचं असतं. "हो" म्हणजे मी ऐकलं. "हो" म्हणजे मला पटलं असं थोडंच असतं! हे वरिष्ठांनाही ठाऊक असतं. सगळा महाराष्ट्र त्यावर चालतो.

मामांचं एका ओळीचं उत्तर आलं. "छान, एकमत झालं. हा पॅच रद्द समजावा."

साहेबांनी कागदावर छापून घेतलेला सगळा पत्रव्यवहार वाचला आणि डोक्याला हात लावला. "तुला कोणी हो म्हणायला सांगितलं होतं?"

"समोरचा मोठा माणूस, साहेब. नाही म्हटलं असतं तर उद्धटपणा दिसला असता."

"अगं पण तू आपल्या चौघांच्या वतीने हो म्हणून बसलीस!"

मला इतका राग आला, साहेबांचा नाही, स्वतःचा. घरी कोपरखैरण्याला येऊन मी पर्स पलंगावर आपटली. नवऱ्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, "माझ्या जिभेला हाड नाही." तो म्हणाला, "ते आम्हाला लग्नापासून माहीत आहे." त्याच्या अंगावर उशी फेकली तेव्हा कुठे बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, आता मागे हटायचं नाही. भांडायचं, पण भांडण्याआधी आपलं नाणं खरं आहे का ते बघायचं. दुसरा आक्षेप चूक होता याची मला खात्री होती. पहिल्याची नव्हती. ती जागा खरंच सगळ्या मशीनांत रिकामी असते का? मी एक फ्लॉपी तयार केली. मशीनमध्ये घालायची, पाच मिनिटं थांबायचं, ती त्या जागेत काही लिहून, मशीन बंद-चालू करून, तेच परत वाचता येतं का ते सांगायची. ती पर्समध्ये टाकून मी फिरायला लागले. तुर्भ्याच्या गोदामांतले वजनकाटे, बेलापूरची टायपिंग इन्स्टिट्यूट, वाशीतली कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं, ओळखीच्या सीएचं ऑफिस. "पाच मिनिटं मशीन द्याल का?" असं कोणी अनोळखी बाई विचारते तेव्हा लोक कसे बघतात ते मी बघितलं आहे. मसाला मार्केटमधला मुनीम म्हणाला, "मॅडम, काटा मारायची नवीन टेक्निक आणली काय?" दुकानदार मात्र भले निघाले. एकाने तर रद्दीत काढलेली मशीनं जोडून दिली, वर चहा पाजला.

बहुतेक ठिकाणी फ्लॉपी 'ठीक' म्हणाली. मला वाटलं, मामा हरले. आणि मग त्या सीएच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये फ्लॉपी म्हणाली, 'बदललं.' परत केलं, परत 'बदललं.' पुढे आणखी दोन ठिकाणी तेच. तिथे ती जागा मशीन बनवणारी कंपनी स्वतः वापरत होती. माझी सोय तिथे घातली असती तर खूण आपोआप उगवली असती आणि नवा कर्नल धडधाकट असूनही मशीन जन्मभर जुनाच उठवत बसलं असतं. म्हणजे मामा बरोबर होते! इतके दिवस ज्याच्या नावाने बोटं मोडली, तोच माणूस बरोबर. तीन आठवड्यांची पायपीट करून मी माझ्याच विरुद्ध पुरावा गोळा केला होता.

मग ते सगळं फेकलं आणि नव्याने लिहिलं. खूण घड्याळाच्या चिपमध्ये नको, डिस्कवर लोडरची स्वतःची जी जागा असते तिथे ठेवायची. ती जागा लोडरच्या मालकीची, तिथे दुसरं कोणी येत नाही. आता घाई करायला हवी होती, कारण पुढच्या आवृत्तीचं दार बंद व्हायची वेळ जवळ आली होती. त्यानंतर नवीन काही घेत नाहीत, फक्त चुका दुरुस्त करतात. यादीवर तशी सूचना आली होती.

शेवटी ते पत्र लिहिलं. आदरणीय नाही, आज्ञाधारक नाही. इंग्रजीत, पण डोक्यात मराठीच चालू होतं. लिहिलं की, मागच्या वेळी मी हो म्हणाले ते मनापासून नव्हतं. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, म्हणून म्हणाले. ती चूक झाली. तुमचा पहिला आक्षेप मी तपासला, तो बरोबर आहे, अमुक मशीनांत असं दिसलं, म्हणून जागा बदलली आहे. तुमचा दुसरा आक्षेप मात्र साफ चूक आहे. मग यार्डाचं सगळं वर्णन केलं: कुलूपबंद पेटी, नसलेला कीबोर्ड, रस्त्यावर गेलेली रांग, ड्रायव्हरांचे स्टोव्ह. आणि काट्यावर बसणाऱ्या एका माणसाने मला विचारलेला प्रश्न. तुमच्या कर्नलला याचं उत्तर देता येत नाही, असं शेवटी लिहिलं. पाठवायचं बटण दाबलं आणि बाहेर जाऊन उसाचा रस प्यायले.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मामांचं पत्र. आधी विचारलं होतं, "मी मोठा माणूस आहे असं तुम्हाला का वाटलं? मी एकवीस वर्षांचा आहे. सध्या परीक्षा चालू आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला."

एकवीस! मी खुर्चीतच मागे रेलले. माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान पोरगं, आणि मी त्याला होय सर, बरोबर सर, मार्गदर्शन करा सर! ऑफिसात सगळे इतके हसले की खालच्या झेरॉक्सवाल्याने वर येऊन विचारलं, कोणाचं काय झालं. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण मामांनी, हो, मामाच म्हणते अजून, पुढे जे लिहिलं होतं ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. "कीबोर्ड नसलेल्या मशीनचा मी विचारच केला नव्हता. माझ्या टेबलावर कीबोर्ड आहे, म्हणून तो सगळीकडे असणार असं धरून चाललो." मग माझ्या ठिगळातल्या तीन चुका दाखवल्या. तिन्ही खऱ्या. "आज दुरुस्त करून पाठवा. दार बंद व्हायला चार दिवस आहेत." त्या चार दिवसांत आमची एकोणीस पत्रं झाली. मी कुठे नाही म्हटलं की तो पुरावा मागायचा, तो कुठे नाही म्हणाला की मी मागायचे. इतकं मनमोकळं भांडण मी ऑफिसात कधी केलं नव्हतं. शेवटच्या दिवशी दुपारी त्याने कर्नल सांभाळणाऱ्या प्रमुखांना यादीवरच कळवलं: मी याला विरोध केला होता, आता माझी शिफारस आहे, घ्या. तासाभराने प्रमुखांचा एक शब्द आला. घेतलं.

साहेबांनी सगळ्यांना वडे खाऊ घातले. कॅप्टननी नव्या आवृत्तीत माझ्या सोयीची फाइल आहे याची स्वतः खात्री करून घेतली, चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठेवा काटे." त्यांच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच समजायचे.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे ती सांगते. त्या फाइलच्या डोक्यावर माझं नाव होतं, त्याखाली मामांचं. मूळ प्रश्न ज्याने विचारला, त्या हिराजीदादांचं नाव कुठेच नव्हतं. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? पण तेव्हा सुचलं नाही. सुचलं तेव्हा ती सोयच कर्नलमधून काढून टाकली होती, तिच्यापेक्षा चांगली आली म्हणून. त्याचं मला दुःख नाही, असंच व्हायचं असतं. नावाचं मात्र आहे.

आता शेवटचं. नवी आवृत्ती गेटवर बसून तीनेक महिने झाले होते. एका बुधवारी मी पहिल्या काट्यावर पुढचा कर्नल पाठवला. आता एकदम सहांवर पाठवत नव्हते, तेवढं शहाणपण आलं होतं. पाठवला, मशीन बंद-चालू केलं आणि लक्षात आलं की मी पुन्हा घोळ केला आहे. वेगळा घोळ, पण तितकाच वाईट. तो कर्नल उठणार नव्हता. मी घड्याळाकडे बघत बसले. मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. मग माझ्या पडद्यावर पहिल्या काट्याचं मशीन हजर झालं, जुन्या कर्नलवर, आणि पाठोपाठ एका ट्रेलरचं वजन आलं.

मी यार्डात फोन लावला. हिराजीदादांना बोलावून घेतलं.

"दादा, मशीन मध्येच बंद पडलं होतं का हो आता?"

"नाय बा. चाय घेत व्हतो मी. गाडी आली, वजन झाला, गेली. का, काय झाला?"

"काही नाही. माझी एक चूक झाली होती."

"कवा?"

"आत्ताच."

"आमाला नाय दिसली बाय," हिराजीदादा म्हणाले, "मागं गाडी हॉर्न मारतेय, ठेवू का?"

"ठेवा," मी म्हटलं.